घरच्या माणसाचा टॉवेल

रेवदंडा, ३ जून २०२५

निकेत,

"ताई, मी उभा होतो." एवढंच म्हणाला होतास तू. नाकातला कापूस लाल झाला होता, हातांच्या पट्ट्या तशाच होत्या. तू ते मला सांगत होतास की विचारत होतास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी उत्तर न देता चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ओटीवर कुणी नव्हतं. या जुलैत त्याला एकवीस वर्षं होतील.

पत्र लिहिते, कारण माझा आवाज ऐकलास की तू फोन ठेवतोस. रागाने सांगत नाही. ठेवण्याआधी तू एक श्वास घेतोस, तो मला ऐकू येतो. इतकी वर्षं मी त्या श्वासावर भागवलं. यंदा भागणार नाही.

सोनलचा फोन आला होता. तुझ्या सोनलचा. "केम छो फोई," म्हणाली. फोई म्हणजे आत्या हे माझ्या ध्यानातच आलं नाही; मला वाटलं, तुमच्या वेरावळचा कुणी व्यापारी सुक्या बोंबलाचा भाव विचारतोय. मी म्हटलं, "बंदी लागली, आता भाव चढणार." त्यावर ती जी हसायला लागली! आईचं हसणं आहे रे ते, आपल्या आईचं. शेवटी ठसका लागेपर्यंत.

तिला आपल्या 'नवा हात' स्पर्धेत उतरायचं आहे. तू नाही म्हणालास हेही तिनेच सांगितलं. घरात या विषयावर तू कधी बोलला नाहीस म्हणे. तिला कळलं ते कुणाच्या तरी मोबाइलवर गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून. शेडच्या भिंतीवर तात्यांचा फोटो दिसला. "हाच फोटो पप्पांच्या पाकिटात आहे," म्हणाली. मला ते माहीत नव्हतं.

मग मीच सांगत बसले. तिचे आजोबा, म्हणजे आपले तात्या, मुंबईच्या गोदीत हमाली करायचे, तिथे जेवणाच्या सुट्टीत गोणपाटं अंथरून मुष्टियुद्ध शिकले. गावी आल्यावर, एक्याऐंशीच्या पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या आणि हात रिकामे असताना त्यांनी मच्छी सोसायटीच्या शेडमध्ये पहिल्या चार जोड्या लावल्या. दोर होडीचे, वजन मच्छीच्या काट्यावर, घंटा म्हणजे बर्फ फोडायच्या सळीने वाजवलेला रुळाचा तुकडा. आणि दोन नियम. ज्याने कुठेही एकसुद्धा लढत जिंकलेली नाही त्यानेच या दोरांत चढायचं, तेही जन्मात एकदाच. "दुसऱ्यांदा चढला का तो नवा न्हाय. त्याला बाकीचं जग हाय," हे तात्यांचं वाक्य मी तिला त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. आणि दुसरा नियम टॉवेलचा. कोच पाणी देईल, ओरडेल, शिकवेल; पण लढत थांबवायचा टॉवेल घरच्या माणसाच्या खांद्यावर. कोचला जिंकायचं असतं, घरच्याला पोर घरी न्यायचं असतं. लढत संपली की हरलेल्यालाही नारळ आणि तोच टॉवेल मिळतो. चषक नाही, पहिला-दुसरा नाही.

तिच्या क्लबात तिच्या वजनाची दुसरी मुलगी नाही म्हणे. दोनदा जिल्ह्याला गेली, दोन्ही वेळा समोर राज्यात खेळून आलेली, पंचांनी पहिल्याच फेरीत थांबवलं. "फोई, मला एकदा माझ्याइतकीच घाबरलेली मुलगी समोर हवी," म्हणाली. तात्यांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ही स्पर्धा कशासाठी काढली, ते इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

ती सोळाची आहे. अर्जावर पालकांची सही लागते. तिच्या आईशी, हेतलशी बोलले. ती म्हणाली, "ताई, तुम्हा भावंडांच्या मध्ये मी येणार नाही. ते करतील तरच." तेव्हा प्रश्न तुझ्या सहीचा आहे.

माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. तुझ्या नाकातून रक्त आलं, माझा धीर सुटला, मी टॉवेल फेकला. मी पंचवीस वर्षांची होते. चुकलं माझं.

ताई


१५ जून

निकेत,

पत्र पोचल्याचं हेतलने कळवलं. वाचलंस आणि कपाटावर ठेवलंस, असं म्हणाली. फाडलं नाहीस.

परवा गणराज आला होता. म्हसळ्याचा, तुझ्यासमोर उभा राहिलेला. सैन्यातून हवालदार होऊन परत आला, आता गावात पोरांना शिकवतो आणि तीन वर्षं आपल्याकडे पंच असतो. भाताची पेरणी आटोपून दोर बघायला आला होता. सगुणा काकी आपल्या ओटीवर जवळा निवडत बसली होती. ती सत्तरीची झाली, पण तोंड तसंच आहे.

"काय रं हवालदार, सुकलास! बायको जेवाया घालत न्हाय का?"

"घालतं काकी. पोरं माझ्या ताटातलं खातात."

"मंग पोरांना ठोसं मार की. शेडमदी परक्यांच्या पोरांना मारतंस!"

"मी पंच हाय काकी, मी सोडवतो."

"नवरा-बायकोचं भांडन सोडव जा आधी."

तो हसत होता तेवढ्यात मी सोनलचं सांगितलं. काकीने सूप खाली ठेवलं. "निकेतची पोर? येऊ दे म्हणावं! टॉवेल धराया आत्या हाय ना घरची. हिच्यासारखी टॉवेल धरनारी या वाडीत झाली न्हाय. रगत दिसलं आनि फेकलान! बहिनीचं कालीज हाय ते, कालीज!"

दर पावसाळ्यात ती हे म्हणते. नव्या पोरांच्या आयांना माझं उदाहरण देतात, तुला माहीत आहे? टॉवेल कसा धरायचा, घाबरायचं नाही, लाजायचं नाही, पोरापेक्षा मोठं काही नाही. मी खाली मान घालून उभी असते. लोकांना ती नम्रता वाटते.

गणराज निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले. छत्री उघडता उघडता तो थांबला.

"ताई, येक इचारू का? तवा माझं हात वर येत नव्हतं. खांद्यापासून नुसतं शिसं. निकेतनं आनखी येक दिला असता तर मी बसलोच असतो. तुला दिसलं असंल ना?"

"मला रक्त दिसलं," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. "रगत व्हतं खरं."

मग पावसाकडे बघत म्हणाला, "तुझ्या टॉवेलवर माझी सतरा वरसं नोकरी झाली. दर दिवाळीला वाटतं तुला साडी न्यावी. मंग वाटतं, कुठल्या तोंडानं न्यावी."

हे तुला का लिहिते? त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो गेल्यावर मी पहिल्या पत्रातलं वाक्य मनात पुन्हा वाचलं. 'रक्त आलं, धीर सुटला.' एकवीस वर्षं तेच वाक्य वापरून ते इतकं गुळगुळीत झालं आहे की ते कुणाच्याही हाताला टोचत नाही.

ताई


२७ जून

निकेत,

मला दिसलं होतं.

गणराजचे हात खाली आलेले मला दिसले होते. तू नाकाने श्वास घेणं सोडून तोंडाने घ्यायला लागलास, डावा पाय पुढे सरकवलास, आणि तुझ्या चेहऱ्यावर एक समाधान आलं, लहानपणी जाळ्याची गाठ पहिल्यांदा जमली तेव्हा आलं होतं तसं. तू जिंकायला लागला होतास. मी ते पाहिलं आणि मग टॉवेल फेकला. या क्रमाने. रक्त पहिल्या फेरीतलं होतं, ते बघून मला काही झालं नव्हतं. मी मासे कापणारी बाई, रक्ताला काय घाबरणार? हे वाडीत कुणाच्या कसं लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटतं.

आज एवढंच लिहिणार होते. पण सोनलचं सांगायला हवं.

तिचा परवा पुन्हा फोन आला. "फोई, एक आयडिया आहे. सही तुम्हीच करा ना. आडनाव तर एकच आहे. पप्पांना मी नंतर मनवीन. आणि टॉवेल पण तुम्ही धरा. मम्मी म्हणते तुम्ही फार सांभाळून धरता."

आडनाव एकच आहे, खरंच. माझं बदललंच नाही.

अर्ज माझ्याच टेबलावर असतात. नोंदणी मी करते, वजनाच्या जोड्या मी लावते, मुलींच्या लढती बारा वर्षांपूर्वी मीच सुरू केल्या. (पहिल्या वर्षी दोनच मुली आल्या, त्याही सख्ख्या मावसबहिणी. एकमेकींना एक एक ठोसा मारला आणि गळ्यात पडून रडल्या. तात्या असते तर दोघींना जिंकलं म्हणाले असते.) माझी सही कुणी तपासणार नाही. मी तिच्या नावाचा अर्ज भरला. अठ्ठेचाळीस किलो. जन्मतारीख. पालकांच्या रकान्यापाशी येऊन पेन हातात धरून बसले, किती वेळ ते सांगत नाही.

नाही केली. तुझ्या वतीने मी एकदा ठरवून बसले आहे. सोनलला सांगितलं, "बाळा, सही तुझ्या पप्पांचीच." ती म्हणाली, "मग झालंच!" आणि फोन ठेवला. तुझ्यासारखाच, पण श्वास न घेता.

म्हणजे तू सही केली नाहीस तर ती पुढच्या वर्षी येऊ शकेल, असं तुला वाटेल. मुलं पुढच्या वर्षी तीच नसतात, निकेत. तू नव्हतास.

ताई


६ जुलै

निकेत,

आता उरलेलं लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या फेरीनंतर पुण्याहून आलेले ते सैन्याचे कोच माझ्याजवळ आले होते. तू स्टुलावर बसला होतास, तुला पाणी देत होते, तुला ऐकू गेलं नसेल. त्यांच्या हातात वही होती. "हा तुझा भाऊ? चांगला आहे. जिंकला तर नेतो. पाठवाल ना घरचे?" मी म्हटलं, "हो, का नाही?" त्यांनी वहीत तुझं नाव लिहिलं. नुसतं नाव, पुढे जागा मोकळी.

आई आधीच गेली होती आणि त्या वर्षी शिमग्याच्या आधी तात्यांना अर्धांगाचा झटका आला होता, हे तुला सांगायला नको. पण चौलचं स्थळ कुठवर आलं होतं हे तुला नीट माहीत नव्हतं. शिवदासची मला पसंती होती. त्यांच्या वाडीत मी एकदा गेले होते, पोफळीच्या झाडांखालून पाण्याचे पाट जातात, तिथे अनवाणी चालले होते. त्याची आई म्हणाली होती, "लग्न दिवाळीनंतर करू. पण पोरी, वडिलांचं कोण बघेल? आजारी माणूस आमच्याकडे नको हो." मी म्हणाले, "भाऊ आहे ना घरी."

दुसरी फेरी सुरू झाली आणि तू जिंकायला लागलास. मी तुझ्याकडे बघतच नव्हते, त्या वहीकडे बघत होते. कोचनी पेनाचं टोपण काढलं. मला तात्या दिसले, त्यांची लाळ पुसायची, त्यांना कुशीवर वळवायचं, आणि ते सगळं आता जन्मभर माझ्याच वाट्याला. खांद्यावर टॉवेल होता. त्यावर लाल दोऱ्याने तुझं नाव मीच घातलं होतं, चार संध्याकाळी बसून.

टॉवेल घरच्या माणसाच्या हातात द्यावा, कारण घरच्याला पोर घरी न्यायचं असतं. तात्यांचा नियम मी अगदी शब्दशः पाळला. मला तुला घरीच न्यायचं होतं.

त्या दिवशी तू ओटीवरून उठून गेलास, चौथ्या दिवशी घरच सोडलंस. कोच गणराजला घेऊन गेले. शिवदासकडचे मार्चपर्यंत थांबले, मग त्यांनी अलिबागची मुलगी केली. रेवदंड्याच्या बाजारात कधी भेटतो. टक्कल पडलंय. "बरं आहे ना?" म्हणतो. बरं आहे म्हणते.

तात्यांचं मी सात वर्षं केलं. ते गेले तेव्हा तू आलास आणि अंगणातूनच परत गेलास, म्हणून हे तुला सांगायचं राहिलं. तुझ्या लढतीला वेळ तेच धरत होते, मांडीवर घड्याळ ठेवून. झटक्यानंतर एवढंच काम त्यांना जमायचं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण पुढे दर पावसाळ्यात शेडमधली घंटा ऐकू आली की ते माझ्याकडे बघून डाव्या हाताचा पंजा उघडायचे आणि मिटायचे. चारदा. पाच, पाच, पाच, पाच. फेरी संपायला वीस सेकंद उरले होते. त्यांनी मोजले होते. मला कशासाठी सांगायचे, रागाने की नुसती आठवण म्हणून, ते मला कळलं नाही. मी त्यांचा पंजा मिटून पांघरुणात घालायची.

तू उभा होतास. हे उत्तर मी त्या दिवशी ओटीवर द्यायला हवं होतं. चहा कुणी मागितला नव्हता.

ताई


१३ जुलै

निकेत,

हेतलचा फोन आला. पत्र वाचून तू बंदरावर निघून गेलास आणि जेवायच्या वेळी परतलास, म्हणाली. ताटावर बसल्यावर सोनलला विचारलंस, "वजन किती?" तिने सांगितलं, अठ्ठेचाळीस. हात धुऊन आल्यावर तू म्हणालास, "जायचं नाही." हेतल रडत होती. मी तिला म्हटलं, त्याने वजन विचारलं ना, ते मला पुष्कळ आहे. पुष्कळ नाहीये, पण तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

काल सगुणा काकीला खरं सांगितलं. वही, चौल, सगळं. मला वाटलं ओरडेल, सगळ्या वाडीला गोळा करेल. तिने जवळ्यातले खडे वेचणं थांबवलं नाही. वेचता वेचताच म्हणाली, "मंग इतकी वरसं आमी वानलं ते कुनाला गो?" आणि सूप घेऊन तिच्या घरी गेली. आज सकाळी ती आपल्या ओटीवर आली नाही.

या पाकिटात दोन गोष्टी आहेत. एक सोनलचा अर्ज. पालकांचा रकाना कोरा आहे. वीस तारखेपर्यंत माझ्याकडे पोचायला हवा. दुसरा तुझा टॉवेल. नियमाप्रमाणे तो तुझा होता, मी कपाटात ठेवून घेतला. नाव अजून शाबूत आहे, कोपऱ्यातला डाग धुऊन निघाला नाही. सोनलसाठी मी टॉवेल भरलेला नाही. तिच्या नावाचा दोरा तुमच्या घरातल्या हाताने घालायचा.

तिच्या जोडीला म्हसळ्याची एक मुलगी आहे, साडेसत्तेचाळीस किलो. गणराज म्हणतो, पोरगी सरावाला येते तीच थरथरत. सोनलला हवी होती तशीच. तिची आजी टॉवेल धरणार आहे.

सोनलचा टॉवेल मी धरणार नाही. ती अजून मलाच धरायला सांगते आहे, काल पुन्हा म्हणाली. पण तिच्या लढतीत मी कुठे बघत राहीन याचा मला भरवसा नाही. तुझा आहे. तू आलास आणि मी तुझ्या डोळ्यांसमोर नको असेन, तर त्या दिवशी मी चौलला रामेश्वराच्या देवळात जाऊन बसेन. वजनाचं गणराज बघेल. इतक्या वर्षांत मी एकही स्पर्धा चुकवलेली नाही, एक चुकली तर शेड कोसळणार नाही.

नाही म्हणायचं असेल तर या वेळी फोन उचलून तोंडाने म्हण. मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही.

तू नाहीच म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. तरी मागते. सही कर. शनिवारी, सव्वीसला, सकाळी आठला पोरीला घेऊन ये, मच्छीच्या काट्यावर उभी कर. मग लाल कोपऱ्यात जा, तिचा टॉवेल खांद्यावर घे आणि शेवटची घंटा होईपर्यंत तिथे उभा राहा.

ताई